चेहऱ्यावरची मोठी रोमछिद्रं: काय लावायचं, कधी लावायचं आणि काय अजिबात लावायचं नाही

कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की हा प्रश्न येतोच: "ताई, नाकावरची ही भोकं बुजायला काहीतरी द्या की." विचारणारी कधी कॉलेजची मुलगी असते, कधी शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा तरुण, कधी मुलाच्या लग्नाच्या धावपळीत असलेली आई. सगळ्यांना एकच उत्तर द्यावं लागतं. छिद्रं बुजत नाहीत आणि बुजूही नयेत. त्वचेतून तेल आणि केस बाहेर यायची वाट तीच आहे. पण आज दिसतात त्यापेक्षा ती लहान नक्की दिसू शकतात. त्यासाठी मोजक्या गोष्टी योग्य क्रमाने आणि निदान तीन महिने कराव्या लागतात. त्या कोणत्या, किती प्रमाणात आणि कशासाठी, हे सविस्तर लिहिते.

आधी आरशात नीट बघा

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून बघा. भिंगाच्या आरशात कुणाचाही चेहरा खडबडीतच दिसतो आणि मोबाईलचा कॅमेरा ब्युटी मोडवर असेल तर काहीच दिसत नाही. दोन्हींवरून निष्कर्ष काढू नका.

नाकावर एकसारख्या अंतरावर करडे-पिवळसर बारीक ठिपके असतील, तर ते बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतात. दाबलं की बारीक, मेणासारखा पांढुरका धागा बाहेर येतो ना, ते तेल आणि मृत पेशींचं छिद्रातलं नेहमीचं अस्तर असतं. काढलं की साधारण महिन्याभरात परत भरतं. म्हणून ते नखांनी किंवा पिनेने काढत बसण्यात अर्थ नाही. उलट दाबून दाबून छिद्राची कड सुजते, डाग पडतो आणि तो डाग छिद्रापेक्षा जास्त उठून दिसतो. खरा ब्लॅकहेड जास्त काळा, थोडा वर आलेला आणि कुठेतरी एखाददुसरा असतो.

गालांवर लांबट, अंडाकृती, खाली ओघळल्यासारखी छिद्रं दिसत असतील आणि वय पस्तीस-चाळीसच्या पुढे असेल, तर तिथे तेलापेक्षा सैल पडलेल्या त्वचेचा वाटा मोठा असतो. आणि कमी-जास्त खोलीचे, वेडेवाकडे खड्डे असतील, जिथे पूर्वी मोठे पिंपल्स येऊन गेले होते, तर ती छिद्रं नव्हेत. ते पिंपल्सचे व्रण आहेत. त्यांना क्रीमने विशेष फरक पडत नाही. क्रीमवर पैसे घालण्याआधी अशा व्रणांसाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

छिद्रं मोठी का दिसतात

मुख्य कारणं तीन. पहिलं, तेल. तेलग्रंथी जितकी मोठी आणि कामसू, तितकी तिची वाट रुंद. हे बरंचसं आई-वडिलांकडून येतं आणि हार्मोन्सवर ठरतं. म्हणून वयात येताना त्रास सुरू होतो आणि पुरुषांमध्ये जास्त दिसतो. दुसरं, छिद्रात साचलेला मळ. तेल आणि मृत पेशी मिळून बूच तयार होतं, ते कडा ताणतं आणि हवा लागून काळंही पडतं. तिसरं, आधार सैल होणं. छिद्राभोवती कोलेजनचे धागे असतात, वय आणि उन्हामुळे ते तुटत जातात आणि छिद्राचं तोंड धुऊन धुऊन सैल झालेल्या मोज्यासारखं पसरतं.

छिद्राला स्नायू नसतो. त्यामुळे ते दारासारखं उघडत नाही आणि मिटतही नाही. वाफेने छिद्रं उघडतात आणि बर्फाने बंद होतात, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असलं तरी तसं घडत नाही. वाफेने आतला मळ थोडा मऊ होतो. बर्फाने त्वचा तासभर आखडल्यासारखी वाटते. दोन्हींचा परिणाम तेवढ्यापुरताच.

आता उपायांकडे वळू. एक अट मात्र आहे: सगळं एकाच दिवशी सुरू करायचं नाही. धुणं, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन हा पाया सोडला, तर नवी वस्तू एका वेळी एकच, आणि दोन नव्या वस्तूंमध्ये दोन आठवड्यांचं अंतर. चार ट्यूब एकदम लावल्या आणि चेहरा लाल झाला, तर कोणती सोसली नाही ते कळतच नाही.

पहिले दोन आठवडे: धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन

चेहरा दिवसातून दोनदा धुवायचा, सकाळी आणि रात्री. घाम गाळून आल्यावर आणखी एकदा चालेल. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९ ते १०च्या घरात असतो, त्वचेचा साधारण ५. रोज साबण घासला की त्वचा ओढल्यासारखी होते, वरचं संरक्षक आवरण बिघडतं. त्याऐवजी सौम्य, कमी फेस येणारा फेसवॉश घ्या. पाणी कोमट किंवा साधं. थंडीत बंबातलं कडकडीत पाणी अंगावर घ्यायला बरं वाटतं, चेहऱ्यावर ते ओतू नका. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या.

अक्रोडाच्या किंवा साखरेच्या दाण्यांचे स्क्रब पूर्ण बंद करा. घासून छिद्रातलं काही निघत नाही, वरची त्वचा तेवढी खरचटते. आणि केसांना खोबरेल तेल थापून झोपायची सवय असेल, तर ते रात्रभर कपाळावर उतरतं आणि उशीवरून गालाला लागतं. खोबरेल तेल छिद्रं तुंबवणाऱ्यांपैकी आहे. केसांना लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळ मोकळं ठेवा आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला बदला.

तालमीत जाणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. लाल माती, तेल आणि घाम यांचा थर अंगावर वाळू देऊ नका. सराव संपला की लवकरात लवकर चेहरा, मान आणि पाठ धुवा. आखाड्यातला टॉवेल दुसऱ्याशी वाटून घेऊ नका. आणि व्हे प्रोटीनचा डबा सुरू केल्यापासून पिंपल्स वाढल्याचं जाणवत असेल तर ती शंका खरी असू शकते. व्हे आणि पिंपल्स यांचा संबंध डॉक्टरांनी बऱ्याच रुग्णांत पाहिला आहे. महिना-दीड महिना बंद करून बघा.

चेहरा धुतल्यावर मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेचे लोक इथेच थांबतात: "आधीच एवढं तेल, वर आणि क्रीम कशाला?" पण तेल आणि ओलावा या वेगळ्या गोष्टी आहेत. तेलकट त्वचाही कोरडी पडते, विशेषतः पुढच्या औषधांनी. आणि कोरड्या, सोललेल्या कडांमुळे छिद्रं जास्तच ठळक दिसतात. हलकं जेल घ्या. डब्यावर "नॉन-कोमेडोजेनिक", म्हणजे छिद्रं न तुंबवणारं, असं लिहिलेलं बघा. ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक ॲसिड असलेलं चांगलं.

सनस्क्रीनबद्दल मला सगळ्यात आग्रहाने सांगायचंय, कारण आपल्याकडे ते मुलींनी गोरं राहण्यासाठी लावायचं असतं असाच समज आहे. पुरुष तर जवळपास लावतच नाहीत. उन्हातले यूव्हीए किरण कोलेजन तोडतात, म्हणजे छिद्रांचा आधारच काढून घेतात. यूव्हीए ढगातून आणि काचेतून येतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नसला तरी सनस्क्रीन सुटत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, सोबत पीए+++ (यूव्हीएपासून संरक्षणाची खूण) लिहिलेलं, जेल किंवा पाण्याच्या बेसचं घ्या. प्रमाण म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. पन्नास ग्रॅमची ट्यूब एकाच माणसाला सहा महिने पुरत असेल तर प्रमाण फार कमी पडतंय. उन्हात काम असेल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. सकाळी सातच्या आत रंकाळा तलावाला फेरी मारून परत येणाऱ्यांना घाई नाही. दुचाकीवरून गोकुळ शिरगावला भर दुपारी जाणाऱ्यांनी मात्र स्कार्फ असला तरी आतून लावावं. स्कार्फ धूळ अडवतो, ऊन पूर्ण अडवत नाही. तोच स्कार्फ चार दिवस न धुता गालाला घासत राहिला तर छिद्रं तुंबवतो, हेही लक्षात ठेवा.

तिसरा आठवडा: सॅलिसिलिक ॲसिड

छिद्रातल्या मळासाठी दुकानात सहज मिळणारी सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. बाकीची बरीच ॲसिड पाण्यात विरघळतात आणि वरवर काम करतात. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात उतरतं आणि आतल्या मृत पेशींची चिकट बांधणी सैल करतं.

२ टक्क्यांपर्यंतचं पुरे. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक मिनिटभरात धुऊन जातं, त्यामुळे त्याचा परिणाम सौम्य. नाजूक त्वचेच्या लोकांनी तिथून सुरुवात करावी. बाकीच्यांनी लावून ठेवायचं सीरम किंवा लोशन घ्यावं. रात्री चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, नाक, कपाळ, हनुवटी आणि गालांचा आतला भाग एवढ्यावरच पातळ थर. वर मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, सोसलं तर तीन. रोज लावून लवकर फरक पडत नाही, चेहरा सोलतो तेवढा.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी हे वापरू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पाचवा आठवडा: नायसिनामाइड

हे जीवनसत्त्व बी-३. तेल थोडं कमी करतं, त्वचेचं आवरण मजबूत करतं, पिंपल्स गेल्यावर राहिलेले काळे डागही फिके करतं. सकाळी, सनस्क्रीनच्या आधी दोन-तीन थेंब. ४-५ टक्के पुरतं. बाजारात १० आणि २० टक्क्यांच्या बाटल्या आहेत; आकडा मोठा म्हणून गुण मोठा असं नाही, काहींना त्याने लाली आणि खाज येते. बजेट कमी असेल तर ही पायरी गाळली तरी चालेल. सनस्क्रीन गाळू नका.

रेटिनॉइड: डॉक्टरांना विचारून

सैल त्वचा आणि तुंबलेली छिद्रं या दोन्हींवर एकाच वेळी काम करणारं औषध हेच. नेहमी दिली जाणारी दोन म्हणजे अडापलीन ०.१ टक्के जेल आणि ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम. पेशी पडण्याचा आणि नव्या येण्याचा क्रम ती सुधारतात, बूच बनू देत नाहीत, आणि महिनोन्‌महिने वापरल्यावर कोलेजनही वाढवतात. ही औषधं आहेत, सौंदर्यप्रसाधनं नव्हेत, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या. मैत्रिणीची ट्यूब नको. गरोदर असाल किंवा मूल व्हायचा विचार चालू असेल, तर रेटिनॉइड लावायचं नाही.

लावायची पद्धत चुकली की लोक आठवड्यात सोडून देतात. त्यामुळे सावकाश सांगते. चेहरा धुवा, टिपा, पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. मटाराच्या एका दाण्याएवढं जेल बोटावर घ्या. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी अशा ठिकाणी टिंब ठेवा आणि मग पसरवा. पापण्या, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडा. फक्त छिद्रांवर टिंब टिंब लावायचं नसतं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ थर हवा. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. सुरुवातीला दोन रात्रींआड एकदा, महिन्याने एक रात्र आड. ज्या रात्री रेटिनॉइड, त्या रात्री सॅलिसिलिक नाही.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत थोडी सोल निघणं, लाली, एखाददुसरा पिंपल जास्त येणं अपेक्षित आहे. चेहरा सुजला, आग सहन होईना, पाणी सुटलं तर बंद करून डॉक्टरांना दाखवा. फरक दिसायला बारा आठवडे लागतात. आठव्या आठवड्यात निराश होऊन ट्यूब फेकणारे खूप आहेत, म्हणून हा आकडा पुन्हा सांगते: बारा.

आपल्याकडच्या मुलींसाठी खास सूचना. रेटिनॉइड चालू असताना वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचं असेल तर आधी पाच-सात दिवस रेटिनॉइड थांबवा. नाहीतर ओठांवर वॅक्सबरोबर वरची त्वचाही निघून येते आणि तिथे काळा पट्टा उरतो. पार्लरमध्ये बसल्या बसल्या सांगा की मी हे लावते. ब्लीच तर करूच नका.

मुलतानी माती आणि स्वयंपाकघरातले उपाय

मुलतानी माती चांगली आहे. तेल शोषून घेते, तासा-दोन तासांसाठी चेहरा मॅट दिसतो, त्यामुळे छिद्रंही कमी जाणवतात. आठवड्यातून एकदा, साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून लावा. पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नका. कडा सुकू लागल्या की, साधारण दहा मिनिटांनी, धुवा. ज्यांची त्वचा कोरडी आहे किंवा रेटिनॉइडने सोलतेय, त्यांनी काही दिवस राहू द्या.

लिंबू मात्र चेहऱ्यावर नको. त्याचा पीएच २च्या आसपास, म्हणजे त्वचा भाजू शकते. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर काळे-तांबडे चट्टे उठतात, जे जायला महिने लागतात. खायचा सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कली, तोही तितकाच वाईट. टूथपेस्टही नको. काळ्या कोळशाचे सोलून काढायचे मास्क आणि नाकावरच्या पट्ट्या वरचं टोक ओढून काढतात आणि आठवड्याभरात परिस्थिती पूर्ववत होते. सोबत बारीक लव आणि त्वचाही ओढली जाते.

मिसळ खाल्ली म्हणून छिद्रं मोठी होत नाहीत. तांबड्या रश्श्यालाही दोष नको. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं, म्हणजे सतत मैदा, बिस्किटं, गोड पेयं, याचा पिंपल्सशी संबंध दिसतो. दुधाचाही काही जणांत दिसतो. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सगळ्यांनीच सोडावं असं मी म्हणणार नाही. पिंपल्स खूप असतील तर महिनाभर कमी करून स्वतःवर काय परिणाम होतो ते बघावं.

जोतिबाच्या यात्रेला जाणार असाल तर निघताना चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा जाडसर थर आणि वर सनस्क्रीन लावा. परत आल्यावर गुलाल आधी कोरडाच हलक्या हाताने झटका, मग फेसवॉशने दोनदा धुवा. घासू नका. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री कोणतंही ॲसिड किंवा रेटिनॉइड नको.

या ट्यूबपासून जिवाला जपा

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. "पंधरा दिवसांत चेहरा काचेसारखा" करणाऱ्या क्रीम गावोगावी फिरतात. कुणी मैत्रिणीकडून घेतं, कुणी पार्लरमधून बिनानावाच्या डबीत, कुणी जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा. त्यांतल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे खरंच कमाल वाटते: चेहरा उजळ, गुळगुळीत, छिद्रंसुद्धा दिसेनाशी. मग त्वचा पातळ होत जाते. गालावर लाल बारीक शिरा उमटतात, लव वाढते, पुरळ येतं, चुलीपुढे किंवा उन्हात गेलं की आग आग होते. क्रीम थांबवलं की सगळं उसळतं, म्हणून बाई घाबरून परत तीच ट्यूब आणते. हे चक्र मी काउंटरच्या या बाजूने बघत आलेय आणि त्यातून बाहेर पडायला माणसाला महिनोन्‌महिने, कधी वर्ष लागतं.

ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही लिहिलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब वांगाच्या डागांसाठी, ठराविक आठवड्यांपुरती डॉक्टर देतात. ती रोजची फेअरनेस क्रीम नव्हे. २०१८मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीमना चिठ्ठीशिवाय विकायची सवलत काढून घेतली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर चिडू नका, तो त्याचं काम करतोय. आणि घटकच लिहिलेले नाहीत अशी डबी तर चेहऱ्याला लावूच नका. महिनोन्‌महिने अशी क्रीम लावत असाल तर घरच्या घरी दुसरं काही सुरू न करता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी सोडवायची याची रीत असते.

लग्न जवळ आलं असेल तर

तारखेच्या आधी तीन-चार महिने हाताशी असतील तर वरचा क्रम पाळा. महिनाच उरला असेल तर धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि मोजकं सॅलिसिलिक, एवढ्यावर थांबा. शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काहीही नको, नवा फेशियलही नको. हळदीच्या आदल्या पाच-सात दिवसांत रेटिनॉइड बंद ठेवा, नाहीतर हळद झोंबेल. मेकअपच्या दिवशी सिलिकॉनचा प्रायमर छिद्रांवर हलक्या हाताने थोपटला की फोटोत फरक दिसतो. तो रात्री नीट काढून झोपा, कितीही दमलात तरी.

तीन महिन्यांनी

दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टर न लावता एक फोटो काढून ठेवा. रोज आरसा बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही, फोटोत दिसतो. फरक असेल तर तोच क्रम चालू ठेवा, कारण तेल बनायचं थांबत नाही. सोडलं की काही आठवड्यांत पुन्हा तेच.

फरक नसेल तर डॉक्टरांकडचे उपाय आहेत: केमिकल पील (ॲसिडने वरचा थर सोलणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), फ्रॅक्शनल लेझर. एका बैठकीत होत नाहीत, चार-सहा वेळा जावं लागतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते जोरात केले तर काळे डाग पडायचा धोका असतो. म्हणून पार्लरमध्ये किंवा दोन दिवसांचा कोर्स केलेल्याकडे करू नका, एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगातली पदविका) झालेल्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच करा. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवता येतं. चेहरा अति तेलकट, सोबत पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील, तर पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. तिथे नुसत्या क्रीमने भागणार नाही. तेल खूपच असेल तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देऊ शकतात. त्या गोळ्यांवर असताना, आणि थांबवल्यावर निदान महिनाभर, गरोदर राहणं पूर्ण टाळावं लागतं, म्हणून त्या कधीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे जाताना सध्या लावत असलेल्या सगळ्या ट्यूब, पार्लरची डबीसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि त्या दिवशी चेहऱ्यावर काही लावू नका. किती दिवस काय लावलं ते एका कागदावर लिहून ठेवलंत तर तपासणी निम्म्या वेळात होते.